आईच्या हाडांसाठी ‘स्टेम सेल आणि आरएनए’चं इंजेक्शन: यात खरं किती?

पोफळी (फोंडा)
नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

जूनच्या शेवटी आई तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायला अंगणात उतरली आणि चिऱ्यांवरच्या शेवाळावरून तिचा पाय सरकला. वय ७२. जोरात आपटली वगैरे नाही, बसल्यासारखी पडली. तरी खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. आता वॉकर धरून पडवीपर्यंत येते. नंतर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, टी-स्कोअर उणे ३.४ आला, म्हणजे हाडं फारच ठिसूळ.

गेल्या आठवड्यात कोणीतरी सुचवलं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेलो. त्यांनी सांगितलं, मूळपेशींपासून (म्हणजे स्टेम सेलपासून) काढलेलं, आरएनए असलेलं एक्सोसोमचं इंजेक्शन तीन वेळा द्यायचं, हाडं आतून नवी होतील. खर्च अडीच लाख. मी पत्रक घरी आणून भाच्याला दाखवलं. तो बायोटेकमध्ये एमएस्सी करतोय. तो म्हणाला, “मावशी, मूळपेशीने हाड व्हायचं की चरबी, यात नॉनकोडिंग आरएनएचा हात असतो हे खरंच आहे. आम्हाला अभ्यासाला आहे.”

इथेच माझं अडलं. भाऊ म्हणतो, चवथीच्या आत देऊन टाकूया. आईला यंदाही गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी स्वतः बांधायची आहे. पैसे कसेही उभे करू, पण हे नक्की काय आहे? कोणाला माहिती असेल तर सोप्या शब्दांत सांगाल का?

रापणकार
आईंना लवकर बरं वाटो. मला यातलं काही कळत नाही, पण ‘आतून नवी’ हे शब्द मी घराच्या रंगाच्या जाहिरातीतही वाचलेत. थोडं थांबा, इथे जाणकार आहेत.

घुमटनाद
आरएनए म्हणजे कोविडच्या लशीतलं तेच का? मग ते आपण सगळ्यांनी घेतलंच आहे की.

मांडवीकाठ
@घुमटनाद, नाही. आपल्याकडे बहुतेकांनी कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली, त्या दोन्ही आरएनए लशी नाहीत. आणि परदेशातल्या ज्या आरएनए लशी होत्या त्यांत संदेशवाहक आरएनए होता, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची कृती. पोफळीताईंच्या भाच्याने सांगितलेला आरएनए प्रथिन बनवतच नाही. म्हणून तो ‘नॉनकोडिंग’.

पोफळीताई, मी याच पेशींवर काम करते. रात्री सविस्तर लिहिते. तोवर कृपा करून कुठेही आगाऊ पैसे भरू नका.

जुनापूल (डिचोली)
वाट बघतो आहे. एक विनंती, ‘नॉनकोडिंग’ला मराठी शब्दही सुचवा. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा भाग आमच्या पुस्तकात नव्हता.

मांडवीकाठ
आता सुरुवात करते.

आपल्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. प्रथिनांची कृती सांगणारा भाग त्यात २ टक्क्यांच्या आसपास, जनुकं साधारण २० हजार. उरलेल्याला बरीच वर्षं अडगळ म्हणत. पुढे कळलं की त्या अडगळीतल्या बऱ्याच भागावरूनही आरएनए, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याची नक्कल, उतरवला जातो आणि त्यातला काही फार महत्त्वाचं काम करतो.

आपल्या जत्रेतलं नाटक डोळ्यांसमोर आणा. रंगमंचावर दिसणारी पात्रं म्हणजे प्रथिनं. पण विंगेत पुस्तक धरून बसलेला प्रॉम्प्टर नसेल तर नाटक पहाटेपर्यंत जाणार नाही. तो लोकांना दिसत नाही. कोणी किती बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे त्याच्या हातात. नॉनकोडिंग आरएनए विंगेतला आहे.

त्यातला मायक्रोआरएनए अगदी छोटा, साधारण २२ अक्षरांचा. तो संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि प्रथिन बनणं कमी करतो किंवा थांबवतो. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाला एका बारीक गोलकृमीत पहिला मायक्रोआरएनए सापडला, त्याचं लक्ष्य आणि काम गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने उलगडलं. दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं. २०० अक्षरांहून मोठे ते लांब नॉनकोडिंग आरएनए. त्यांतले काही मायक्रोआरएनएला स्वतःवर अडकवून ठेवतात, म्हणजे प्रॉम्प्टरचाच हात धरून ठेवणारे.

आता हाड. अस्थिमज्जेत एक मूळपेशी असते, तिच्यापासून हाड बनवणारी, कूर्चा बनवणारी किंवा चरबी साठवणारी पेशी होऊ शकते. प्रयोगशाळेत मी एकाच माणसाच्या पेशी दोन बशांत वाढवते आणि दोन्हींना वेगळं खाद्य देते. दोन-तीन आठवड्यांनी एका बशीत कॅल्शियमचे थर दिसतात, दुसरीत चरबीचे थेंब. पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरले होते.

पेशीच्या आत हाडाकडे नेणारं मुख्य प्रथिन रन्क्स-२, चरबीकडे नेणारं पीपार-गॅमा. मिर-२०४ नावाचा मायक्रोआरएनए रन्क्स-२ ला दाबतो आणि पेशी चरबीकडे वळते. मिर-१८८ वय वाढलेल्या उंदरांच्या आणि माणसांच्याही मज्जापेशींत जास्त सापडला. तो काढून टाकलेल्या उंदरांत म्हातारपणी हाडं कमी झिजली आणि मज्जेत चरबीही कमी साठली. वयाबरोबर आपल्या सगळ्यांची मज्जा पिवळी होत जाते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

म्हणजे भाचा अगदी बरोबर बोलला. पत्रकातल्या विज्ञानालाही आधार आहे. पण तिथून त्या इंजेक्शनपर्यंत वाट गेलेली नाही. ते उद्या लिहिते, डोळे मिटताहेत.

जुनापूल (डिचोली)
प्रॉम्प्टरचं उदाहरण वर्गात सांगितलं असतं तर मागच्या बाकावरच्या मुलांनाही कळलं असतं. धन्यवाद. शब्दासाठी माझा प्रस्ताव: ‘मुका आरएनए’.

बकुळ
सर, मुका कसा? तो तर दुसऱ्यांना मुकं करतोय. ‘अप्रथिनी आरएनए’ कसं वाटतं?

घुमटनाद
अप्रथिनी म्हटलं की उपासाचं वाटतं. ‘नियामक आरएनए’ म्हणा.

मांडवीकाठ
नियामक चांगला आहे, पण सगळे नियामक नसतात. प्रथिन बनवताना अमिनो आम्लं वाहून आणणारा आरएनए आणि रायबोसोममधला आरएनए हेही प्रथिन न बनवणारेच, आणि ते पूर्वीपासून माहीत आहेत. बकुळचा ‘अप्रथिनी’ अर्थाने नेमका बसतो.

तांबडीमाती (केपे)
मी थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं. एक लाख ऐंशी हजार गेले. पण मी आज देवळाच्या पायऱ्या चढतो, आधी चढत नव्हतो. जे अजून पुस्तकात आलं नाही ते खोटंच, असं का मानायचं? म्हाताऱ्या माणसाने वीस वर्षं वाट बघायची का?

अस्थिबंध (मडगाव)
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. तांबडीमाती, तुम्हाला बरं वाटतंय ते खरंच आहे, त्यावर मी शंका घेणार नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या करूया. तुमचा आजार सांध्याच्या झिजेचा, पोफळीताईंच्या आईचा हाडांच्या ठिसूळपणाचा. गुडघ्याचं दुखणं मुळात चढत-उतरत असतं. त्यात व्यायाम सुरू होतो, वजन उतरतं, आणि इंजेक्शनचाही मनावर परिणाम होतोच. यातलं कशाने किती बरं वाटलं हे एका माणसावरून कळत नाही. त्यासाठी अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना नुसतं खारं पाणी देऊन बघावं लागतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रक्तपेशींच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा उपयोग प्रायोगिक समजायचा आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. त्यानंतर औषध महानियंत्रकांनी मोजक्या उत्पादनांना ठरावीक आजारांसाठी मान्यता दिली आहे, पण म्हातारपणातल्या ठिसूळ हाडांसाठी असं मान्य उत्पादन नाही. आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ताई, अडीच लाख मागितले, त्यातच तुमचं निम्मं उत्तर आलं.

तांबडीमाती (केपे)
चाचणीत पैसे घेत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साळकाठ
विषय थोडा बाजूला जातोय, पण विचारतो. माझ्या मेव्हण्याला, वय ३४, कोविडमध्ये स्टेरॉइडं द्यावी लागली होती. वर्षभराने खुबा दुखायला लागला, एमआरआयमध्ये हाडाचा रक्तपुरवठा बंद झाल्याचं निघालं. त्याच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढून खुब्याला भोक पाडून आत सोडली. हेही स्टेम सेलच ना?

अस्थिबंध (मडगाव)
हो, त्या मज्जेत थोड्या मूळपेशी असतात. भोक पाडल्याने आतला दाब कमी होतो हा त्यातला जुना भाग, मज्जा घालणं ही पुढची भर. मांडीच्या हाडाचा गोळा खचण्याआधी केलं तर उपयोगाची शक्यता बरी असते, खचल्यावर फारशी नाही. स्वतःचीच मज्जा, एकाच ऑपरेशनमध्ये काढून घातलेली. बाटलीतून आलेल्या एक्सोसोमशी त्याची तुलना करू नका. मेव्हण्याचं कसं आहे आता?

साळकाठ
स्कूटर चालवतो. डाव्या बाजूला ठीक आहे, उजवीकडे पुढे सांधा बदलावा लागेल म्हणतात.

मांडवीकाठ
राहिलेलं लिहिते.

एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पिशवी. तिच्यात मायक्रोआरएनएसुद्धा असतात आणि त्या पिशव्यांतून एक पेशी दुसरीला निरोप देते. ऐकायला सुंदर आहे, आहेही. पण निरोप कोणता हे विचारायला हवं.

मिर-२१४ चं बघा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वृद्धांच्या मोडलेल्या हाडांच्या नमुन्यांत तो वाढलेला दिसला. तो एटीएफ-४ या प्रथिनाला दाबून हाड बनणं कमी करतो. त्याला अडवणारा रेणू हाडाच्या पेशींपर्यंत पोचवला तेव्हा उंदरांत हाड वाढलं. पुढे २०१६ मध्ये दिसलं की हाड खाणाऱ्या पेशी हाच मिर-२१४ एक्सोसोममध्ये भरून हाड बनवणाऱ्या पेशींकडे पाठवतात, ‘काम थांबवा’ म्हणून. म्हणजे एक्सोसोम हाडाचं भलंच करेल असं नाही. कोणत्या पेशीचा, कोणत्या वयाच्या माणसाचा, आत कोणता आरएनए, किती, हाडापर्यंत पोचतो की यकृतातच अडकतो, हे सगळं माहीत नसताना शिरेतून देणं मला भीतीचं वाटतं.

दुसरी अडचण अशी की एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावू शकतो. विंगेतून एकाला ‘थांब’ म्हणताना अर्धी मंडळी थांबायची. कर्करोगावर मिर-३४ ची कृत्रिम नक्कल देण्याची चाचणी रोगप्रतिकार यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली थांबवावी लागली. तीही नीट देखरेखीखालची चाचणी होती. हाडाच्या आजारासाठी आज मायक्रोआरएनएचं एकही मान्य औषध नाही.

जुनापूल (डिचोली)
तुमच्या लिहिण्यात उंदीर वारंवार येतात. माणसाच्या हाडांत या आरएनएचं महत्त्व सिद्ध झालंय का? माझा प्रश्न शंकेचा नाही, कुतूहलाचा आहे.

मांडवीकाठ
सर, झालंय, आणि तो भाग मला सगळ्यात जवळचा आहे. २००१ मध्ये कळलं की कूर्चा-केस अपविकास या आजाराचं मूळ आरएमआरपी नावाच्या जनुकात आहे. हे जनुक प्रथिन बनवतच नाही, फक्त आरएनए बनवतं. मुलांची उंची खुंटते, केस विरळ असतात. २००९ मध्ये एका कुटुंबातल्या दोन किशोरवयीन मुलांच्या ठिसूळ हाडांमागे मिर-२८६१ मधला बदल सापडला. २०११ मध्ये फाइनगोल्ड सिंड्रोमच्या एका प्रकारात मायक्रोआरएनएचा एक गठ्ठाच गहाळ दिसला, त्यात बोटं आखूड राहतात. आणि २०१९ मध्ये मिर-१४० मधल्या एका अक्षराच्या बदलाने सांगाडाच नीट घडत नसल्याचं दिसलं. एक अक्षर, सर.

पण शोध ते औषध हा रस्ता किती लांब असतो तेही सांगते. स्क्लेरोस्टिन हे हाडाची वाढ रोखणारं प्रथिन. ज्यांची हाडं जन्मतःच फार घट्ट असतात अशा कुटुंबांवरून त्याचं जनुक २००१ मध्ये सापडलं. त्याला अडवणारं रोमोसोझुमॅब अमेरिकेत मान्य झालं २०१९ मध्ये. अठरा वर्षं. तांबडीमाती यांचा वीस वर्षांचा प्रश्न मला रोज टोचतो. मी ज्या बशांवर काम करते त्यांतून काही निघालंच, तर तेव्हा माझ्या आईचंही वय झालेलं असेल. तरी आज ते घाईने विकलं जावं असं मला वाटत नाही.

सुरंगी (पेडणे)
हे सगळं वाचून माझा अनुभव लिहिते. मी ६४. ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत होते. मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले, त्या गडबडीत एक डोस पाच महिने लांबला. मधे थांबवलं तर हाडं झपाट्याने झिजतात हे मला कोणी बजावलं नव्हतं. उठता-बसता पाठीत कळ यायची, मणक्याचे दोन मणी खचले होते. भारी भारी नव्या औषधांपेक्षा आहे ते वेळेवर घेणं किती मोठं आहे हे मी पाठीवर शिकले. पोफळीताई, आईंना ऑपरेशननंतर हाडांचं कोणतं औषध सुरू केलंय?

पोफळी (फोंडा)
सुरंगीताई, तुमचा प्रश्न वाचून मी डिस्चार्जचा कागद काढून बघितला. वेदनाशामक, आम्लपित्ताची गोळी, कॅल्शियम. बाकी काही नाही. आणि आम्ही अडीच लाखांचा हिशेब करत बसलो होतो.

अस्थिबंध (मडगाव)
ताई, सुरंगीताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. खुबा जोडला की काम झालं असं आम्हा लोकांकडूनही होतं, ठिसूळपणा तसाच राहतो, आणि दुसरं हाड मोडायचा धोका पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड द्यायला सुरुवात केली, तर काय होतं याची मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. वर्षातून एकदा शिरेतून ५ मिलिग्रॅम. आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात. ड कमी असेल तर ते आधी भरून काढायचं. दातांचं मोठं काम असेल तर तेही आधी उरकायचं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका. टी-स्कोअर उणे ३.४ आणि वर फ्रॅक्चर, म्हणून तुमचे डॉक्टर कदाचित आधी हाड वाढवणारं टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शनही सुचवतील. निवड त्यांनी आईंना तपासून करायची. तुमचे ९० दिवस अजून संपलेले नाहीत, एवढंच लक्षात ठेवा.

रापणकार
आणि तारले! काट्यासकट. माझी आजी बारीक तारल्यांचं सुकं करायची, काटा दाताखाली विरघळायचा. नव्वदीपर्यंत अंगण झाडलं तिने.

बकुळ
आमच्याकडे मासे चालत नाहीत. नाचणीचं तिखट आंबील, ताक आणि तीळ.

अस्थिबंध (मडगाव)
दोन्ही चांगलं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, या वयात दिवसाला हजार ते बाराशे लागतं. पण उणे ३.४ वर नुसत्या तारल्यांनी भागणार नाही, रापणकार. आजीचं अंगण झाडणंही त्यात मोजा, हाडाला भार लागतो.

दिवजोत
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना पडवीपर्यंत चालवता ते उत्तम. एक धरायची जागा न्हाणीघरात करा, पायपुसणी घसरणारी असेल तर काढा, रात्री वाटेत दिवा ठेवा. आणि माटोळीसाठी आईंना शिडीवर, स्टुलावर अजिबात चढवू नका.

पोफळी (फोंडा)
बारा दिवसांनी परत आले. सगळ्यांना सांगायचं राहून जायला नको.

दवाखान्यात नाही म्हणून कळवलं. त्याआधी भाऊ एकदा तिथे गेला आणि त्याने तीनच प्रश्न विचारले: ही चाचणी आहे का, मान्यता कोणत्या आजारासाठी आहे, कुपीत कोणता आरएनए किती आहे. उत्तर एकाचंही मिळालं नाही. येताना त्याने पत्रक तिथेच ठेवलं.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना अस्थिबंध यांनी लिहिलेलं सगळं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हे आधीच सुरू करायला हवं होतं असं म्हणाले. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं, त्याचा कोर्स सुरू आहे. मूत्रपिंडं ठीक आहेत. पुढच्या गुरुवारी झोलेड्रोनिक ॲसिड देणार आहेत, तेव्हा ऑपरेशनला ५१ दिवस झालेले असतील.

भाच्याने इथलं सगळं वाचलं. त्याला अस्थिपेशींवरच प्रकल्प करायचा आहे. मांडवीकाठ, त्याला तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवायचा आहे, चालेल का?

मांडवीकाठ
चालेल म्हणजे काय, पाठवू दे. दोन बशांचा प्रयोग त्याला पहिल्या दिवशी दाखवते.

तांबडीमाती (केपे)
पोफळीताई, बरं केलंत. त्या शेवाळाचं काय केलंत?

पोफळी (फोंडा)
भावाने चिरे ब्रशने घासून घेतले, तुळशीपर्यंत लोखंडी कठडा बसवला. आई आज कठडा धरून तुळशीपर्यंत गेली. माटोळी यंदा भाऊ बांधणार. आई खाली खुर्चीवर बसून कोणतं फळ कुठे ते सांगेल. तसं तिने आत्तापासूनच सांगायला सुरुवात केली आहे.